खातेदाराचे म्हणणे

बँक बुडाली असती तर निदान चार माणसं रडली तरी असती. लोणावळ्याची सह्यकडा सहकारी बँक बुडाली नाही, पुण्याच्या एका मोठ्या बँकेत विलीन झाली. विलीन होणाऱ्यासाठी कुणी रडत नाही, त्याची स्मरणिका काढतात.

स्मरणिकेतला इतिहास लिहायचं काम यशोधराच्या गळ्यात पडलं.

"तुम्ही जुन्या, मॅडम," शाखाधिकारी राजेंद्र साहेब म्हणाले. "दोन पानं फक्त. स्थापना, संस्थापक, वाटचाल. अध्यक्षसाहेबांच्या फोटोला वर जागा सोडा."

यशोधराला निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. एकतीस वर्षं ती बेगडेवाडीहून सकाळची गाडी धरून ह्या काउंटरवर येत होती, आणि तिच्या आधी तिचे आजोबा सीताराम इथे शिपाई होते, अगदी पहिल्या दिवसापासूनचे. मधल्या पिढीने रेल्वेची नोकरी धरली म्हणून, नाहीतर त्या घराण्याने बँक सोडलीच नसती. तेव्हा 'जुन्या' ह्या शब्दाचा तिला राग आला नाही. फोटोला जागा सोडायचा मात्र आला. दोन पानांतलं पाऊण पान चेहऱ्यालाच गेलं, तर बँक कुठे बसवायची?

बँकेला तशी बसायला कधी फार जागा लागलीच नव्हती. त्रेपन्न साली ती बाजारपेठेतल्या बाजीरावशेठच्या भातगिरणीच्या ओसरीवर सुरू झाली. वरच्या वाड्यांमधून माणसं डोक्यावर भात घेऊन यायची, गिरणीत नंबर लावून दिवसभर बसायची. तांदूळ विकून हातात आलेला पैसा डोंगर चढेपर्यंत निम्मा व्हायचा, कारण गिरणी आणि डोंगर ह्यांच्या मधे पेठ होती, आणि पेठेत सगळं मिळत होतं. बाजीरावशेठने ओसरीवर एक टेबल टाकलं आणि सांगितलं, "ठेवून जा. लागतील तेव्हा घेऊन जा." एक टेबल, एक बाकडं, एक हेडक्लार्क आणि एक शिपाई, झाली बँक. त्या काळातल्या वह्या झटकल्या तर त्यांतून अजून कोंडा पडतो.

हे सगळं यशोधराला पाठ होतं. तरी तिने बँकेच्या दारावर एक कागद डकवला: 'जुन्या खातेदारांनी बँकेच्या आठवणी कळवाव्यात.' तीन दिवस कुणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी, गुरुवारी, साडेअकराच्या सुमारास एक म्हातारी काउंटरशी आली, काचेच्या खिडकीतून आत वाकली आणि म्हणाली,

"बाई, तुमच्याकडं माज्या आयचा हात हाय म्हनं."

यशोधराने पेन खाली ठेवलं.

म्हातारीच्या मागून एक तरुण मुलगी घाईने पुढे आली. तुंगार्लीतल्या एका रिसॉर्टचा गणवेश तिच्या अंगावर होता. "सॉरी मॅडम. मी सुषमा, ही माझी आजी, चिंगीबाई. राजमाचीच्या वाटेवर आमची ठाकरवाडी आहे. तुमचा कागद मी हिला वाचून दाखवला आणि तेव्हापासून हिने जीव खाल्लाय माझा."

"खानारच," चिंगीबाई म्हणाली. "म्हातारपनी दुसरं काय चावतंय मला?"

आतल्या केबिनमधून राजेंद्र साहेब बाहेर आले. विलीनीकरण जवळ आल्यापासून त्यांना प्रत्येक म्हाताऱ्या माणसात एक जुना दावा दिसत होता. "काय आहे? खातं आहे का? रकमेचा काही वाद?"

"पैका नगं," चिंगीबाई म्हणाली. "पैका बाने तवाच काडून न्हेला. मला हात पायजे."

साहेब यशोधराकडे बघायला लागले. यशोधराला मात्र कळलं होतं. तिने चिंगीबाईंना बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि साहेबांना उभ्या उभ्या जे सांगितलं, ते खरं तर त्या दोन पानांत सगळ्यात आधी यायला हवं होतं.

गिरणीच्या ओसरीवर खाती तर उघडली, पण खातेदार ओळखायचा कसा, हे कोडं सुटत नव्हतं. सही कुणाला येत नव्हती. अंगठे घेतले तर भातलावणी, गवतकापणी आणि कोळसा पाडून बायांच्या अंगठ्यांवरच्या रेघा कधीच्या झिजलेल्या, कागदावर नुसता शाईचा डाग उठे. तपासनीस आला तेव्हा म्हणाला, "ही सगळी एकच बाई आहे की काय?" नावं विचारावीत तर एका वाडीत पाच सरूबाई. नवऱ्याचं नाव विचारलं की बाई तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघणार. हेडक्लार्क घायकुतीला आला. तेव्हा कोपऱ्यात उभा असलेला शिपाई, ज्याला तिथल्या माठाला हात लावायचीसुद्धा मुभा नव्हती, तो म्हणाला, "साहेब, अंगठा झिजतो. गोंदण झिजत नाही."

हेडक्लार्कला कल्पना पटली. बायांचे हात निरखत बसणं मात्र त्याच्या पदाला शोभणारं नव्हतं. म्हणून पेन्सिल शिपायाच्या हातात आली. सीताराम चौथीपर्यंत शिकलेले, पण गाड्यांच्या फळ्या रंगवून हात बसलेला होता. बाईने तांदळाच्या पोत्यावर हात ठेवायचा, सीतारामने पलीकडे बसून तो बघून कार्डावर उतरवायचा. कुणी कुणाला शिवायचा प्रश्नच नको. बाईला शिपायाचा विटाळ, हेडक्लार्कला दोघांचाही, आणि तांदळाच्या पोत्याला मात्र कुणाचाच नाही, अशी ती व्यवस्था होती. मग बाई पैसे काढायला आली की नाव विचारायचं नाही. हात बघायचा, कार्ड काढायचं, ताडून बघायचं. गठ्ठेसुद्धा नावाने बांधलेले नव्हते. मोरांचा गठ्ठा, विंचवांचा गठ्ठा, तुळशींचा, पाळण्यांचा.

"आणि ही कार्डं आहेत अजून?" साहेबांनी विचारलं.

"माळ्यावर आहेत."

"म्हणजे शनिवारी जाणार," साहेब म्हणाले. शनिवारी सकाळी दहाला कागद कापायची गाडी येणार होती. कालबाह्य झालेलं सगळं दप्तर दारातच कापून भुसा करून न्यायचं, असा पुण्याहून हुकूम होता.

हे चिंगीबाईंनी ऐकलं. तिने पदर बाजूला केला आणि उजवा हात उघडा करून यशोधरासमोर धरला. उन्हाने काळवंडलेला, शिरा वर आलेला, हाडकुळा हात. त्यावर एक ठिपकासुद्धा नव्हता.

"बघ. कोरा," ती म्हणाली. "माज्या वयाची येक बाई दाव अशी वाडीत. आमच्यात पोर धा वरसाची झाली की गोंदनारीण यायची. आयनं पोरीचा हात धरायचा आन् तिनं सुया टोचायच्या. मी आठाची व्हते तवा आय तापानं गेली. मग गोंदनारीण आली तर मी रानात पळून गेले. आय न्हाई तर हात कुनी धरायचा माजा?"

"आता कशाला पाहिजे मग, मावशी?" यशोधराने हळूच विचारलं.

"आता जायाचं न्हवं का! मानूस वर जातं तवा डागिनं हितंच ऱ्हात्यात, लुगडं हितंच. गोंदान तेवढं संगट येतं. आय तितं बसली आसंल वाट बघत. तिला ठाव हाय आठ वरसाची पोर. आन् जानार कोन? ह्ये!" तिने आपल्या बोळक्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि खुदकन हसली. "ती तिशीची, मी पंच्याहत्तरीची. मलाच म्हनंल, या मावशी, बसा. वळखंल कशी मला? तिच्यावानी गोंदान असलं म्हंजी हात पुढं करता यील."

सुषमा दुसरीकडे बघायला लागली. साहेब घसा खाकरून म्हणाले, "भावना समजतात. पण मॅडम, ते खातेदाराचं कागदपत्र आहे. बाहेर देता येणार नाही."

"कापून टाकता येईल?"

"नष्ट करता येईल. देता येणार नाही."

बँकेत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला ह्यात काही विपरीत वाटायला नको होतं. पण त्या दिवशी वाटलं.

"आधी सापडू तर द्या," ती म्हणाली. "मावशी, आईचं नाव काय? हातावर काय होतं?"

"सरू. आन् मोर व्हता. ह्यो येवडा." तिने मनगटापासून वीतभर माप दाखवलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत यशोधरा पदर खोचून शिडीने माळ्यावर चढली. लाल बासनांत बांधलेले गठ्ठे ओळीने होते, प्रत्येकावर आजोबांच्या जाड अक्षरातली चिठ्ठी. मोरांचा गठ्ठा सगळ्यात फुगलेला. तिने एकेक कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. त्रेचाळीस मोर निघाले. पिसारा मिटलेले, पिसारा फुलवलेले, समोरासमोर चोची लावून भांडणारे. तीन सरूबाईही निघाल्या, पण एक कुसगावची, एक वळवणची आणि एक अशी की जिच्या नावापुढे आजोबांनी 'फार बोलते' एवढंच लिहिलेलं. ठाकरवाडीची सरू त्यांत नव्हती.

तिने विंचू बघितले, तुळशी बघितल्या. कोपऱ्यात एक अगदी बारकं बासन होतं, त्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं: 'कोंबडी.' ते वाचून तिला एकटीलाच हसू आलं. कोंबडी कोण गोंदवून घेतं? आजोबांना थट्टेची सवय होती. कुणी गिरणीत कोंबडी विकायला आणली असेल, त्याचा हिशेब असेल, म्हणून तिने ते बाजूला सारलं आणि खाली उतरली. साडीवर कोंडा आणि कपाळावर जाळं.

शुक्रवारी बँक उघडायच्या आधीच चिंगीबाई दाराशी येऊन बसली होती. सुषमा तिला स्कूटीवरून सोडून कामावर गेलेली. म्हातारीने फडक्यात नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी आणली होती. ती तिने काउंटरच्या खिडकीतून आत सरकवली.

"घावला का मोर?"

"नाही अजून, मावशी. त्रेचाळीस मोर बघितले."

"माज्या आयचा त्यात कसा घावंल! त्यो न्यारा व्हता. हितपतूर शेपटी." आज तिने कोपरापर्यंत माप दाखवलं. काल वीतभर होता. यशोधराच्या मनात आलं, दुपारपर्यंत हा मोर खांद्यावर जाऊन बसणार.

दिवसभर ती मधून मधून माळ्यावर जाऊन येत राहिली. पाळण्यांचा गठ्ठा झाला, सूर्य-चंद्रांचा झाला. शिडी हलते म्हणून एकदा राजेंद्र साहेबांनी स्वतःच येऊन ती धरली. चार वाजले. चिंगीबाई बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या खातेदारांना सल्ले देत होती. शेवटी यशोधराही दमून तिच्याशेजारी बसली आणि दोघींनी मिळून उरलेली भाकरी खाल्ली. चटणीने यशोधराच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"तिखट लागली व्हय?" चिंगीबाई म्हणाली. "माजी आय बी अशीच. तिखटानं न्हाई रडायची, पर सुईला लय भ्यायची. मला सांगायची ना. म्हनायची, चिंगे, तू नगं बाय माज्यावानी करू. गोंदनारीण बसली, आजीनं हात धरला, आन् मदीच मी अशी हिसडा मारून पळाले का दोन दिस घरलाच आले न्हाई."

यशोधराचा घास हातातच राहिला.

"मधेच? म्हणजे मोर पुरा व्हायच्या आधी?"

"आसंल. मला काय ठाव."

मोराचं चित्र काढताना माणूस काय शेवटाला ठेवतो? डोकं आधी, मग तुरा, मान, पोट, पाय. आणि शेपटीवर येईपर्यंत पोरगी पळाली, तर पाठीमागे जे राहतं, त्याला पोत्यापलीकडे बसलेला शिपाई काय म्हणेल?

यशोधरा शिडीने दोन-दोन पायऱ्या चढली. सत्तावन्नाव्या वर्षी तसं चढू नये, पण चढली. ते बारकं बासन सोडलं. आत एकच कार्ड होतं.

वर नाव: सरूबाई भ्र. बुधा (नाव दिराने सांगितले). खाली वाडीचं नाव. त्याखाली आजोबांचं चित्र, एक गुबगुबीत पक्षी, डोक्यावर तीन ठिपक्यांचा तुरा, बारीक मान, दोन काडीसारखे पाय. मागे काही नाही. फक्त एक रेघ, शेपटीसाठी सुरू झालेली आणि तिथून तिरकी मनगटाकडे पळालेली. शेजारी लिहिलेलं: 'खूण: उजवा हात, कोपराखाली, कोंबडी एक.' 'कोंबडी' वर काट मारलेली. वर दुसऱ्या शाईत: 'मोर (खातेदाराचे म्हणणे)'. खाली सी. अशी आद्याक्षराची सही.

यशोधरा माळ्यावर तशीच बसून राहिली. तिला ती ओसरी दिसली. आपल्या मोराला कोंबडी म्हटलं म्हणून पोत्यावर हात आपटणारी एक तिशीची बाई, मागे रांग खोळंबलेली, आणि पेन्सिल कानाला लावून हतबल झालेले आजोबा. त्यांनी ऐकलं, खोडलं, मोर लिहिलं. पण डोळ्यांना कोंबडीच दिसत होती, म्हणून कंस घातला. गठ्ठाही तोच ठेवला. बँकेचा माणूस!

आता पंचाईत वेगळी होती. सदुसष्ट वर्षं चिंगीबाईंनी तो मोर मनात वाढवला होता. त्याची शेपटी कोपरापर्यंत आलेली. तिच्यापुढे ही बांडी कोंबडी कशी ठेवायची? यशोधरा शिडीवरून एकेक पायरी सावकाश उतरली.

कार्ड तिने चिंगीबाईंच्या मांडीवर ठेवलं.

चिंगीबाईंनी ते जवळ धरलं, मग लांब धरलं. बोटाने ती तिरकी रेघ शेपटीच्या जागेपासून मनगटाकडे चाचपली. तिचं तोंड थोडं उघडं राहिलं. यशोधराला वाटलं, आता ही म्हणणार, हा न्हाई.

"आगं बया," ती म्हणाली. "शेपटी मी लावायची!"

"काय?"

"मी गं! रानातनं पिसं आनायची मी, खरीखुरी, मोराची. आय निजली का तिच्या हातावर हितं मांडायची. हितनं, हितपतूर." तिने कोपरापर्यंत बोट नेलं. "ती म्हनायची, माज्या मोराची शेपटी रानात हिंडती, चिंगे, तूच हुडकून आन. म्हून मला वाटलं..." आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि कार्ड ओलं होऊ नये म्हणून दुसऱ्या हाताने लांब धरलं.

संध्याकाळी सुषमा आली. कार्ड बघून तिने पटकन मोबाईल काढला.

"मॅडम," केबिनच्या दारातून राजेंद्र साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण पुढचं बोलायची गरजही नव्हती. सुषमाने मोबाईल खाली केला आणि यशोधराकडे बघितलं. साहेबांची पाठ फिरली की दोन सेकंदांचं काम होतं. यशोधराला ते कळत होतं. पण ज्या हातासाठी आजोबा आणि सरूबाई ओसरीवर भांडले, तो हात चोरून न्यायचा, हे तिच्या मनाला येईना.

"सर," ती म्हणाली, "कार्ड बाहेर जाणार नाही."

"नाही."

"खातेदाराचा वारस आत येऊ शकतो?"

"अर्थात. बँक आहे ही."

"तास-दोन तास बसू शकतो?"

"बाकडं त्यासाठीच आहे."

"आणि सोबत एखादा कारागीर आणला तर?"

साहेबांना कळायला तीन सेकंद लागले. "मॅडम, बँकेत? गोंदण?"

"कुठल्या परिपत्रकात मनाई आहे ते दाखवा. मी आत्ता थांबते."

साहेब खरोखरच आत गेले आणि संगणकावर शोधत बसले. बाहेर तिघी वाट बघत होत्या. दहा मिनिटांनी ते आले. "धूम्रपान मना आहे. हत्यारं मना आहेत. कुत्रं मना आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "उद्या चौथा शनिवार, बँकेला सुट्टी. गाडी दहाला येते. मी आठला शटर उघडतो. माझ्या देखरेखीखाली."

"तुजं भलं हुईल," चिंगीबाई म्हणाली. "तुज्या हातावर काय हाय रं?"

"घड्याळ," साहेब म्हणाले.

शनिवारी सुषमाने आपल्या मावसभावाला आणलं. हृतिक त्याचं नाव, चोवीस वर्षांचा. हमरस्त्यावर चिक्कीच्या दुकानांशेजारी त्याचं टॅटूचं दुकान होतं. सुट्टीला आलेल्या मुंबईकरांच्या दंडांवर तो वाघ, कवट्या आणि इंग्रजी अक्षरं काढायचा. वाडीतल्या बाईच्या हातावर सुई धरायची ही त्याची पहिलीच वेळ, आणि ती वेळ बँकेत यावी ह्याची त्याला गंमत वाटत होती. सुषमाने आजीची साखर कालच तपासून घेतली होती. हृतिकने मशीन लावलं, नवी सुई पाकिटातून काढून सगळ्यांना दाखवली, मग कार्ड बघून मान हलवली.

"आज्जे, हा तर अर्धवट आहे. मी पूर्ण करतो ना! फुल पिसारा, हिरवा-निळा. तुझ्याकडून थोडेच पैसे घेणार आहे?"

"शेपटी काडलीस तर मुस्काडीत दीन."

"अगं पण कोंबडी वाटते!"

"वाटंना का तुला. आय वळखायची न्हाई."

"आणि ही रेघ? ही तर चुकलेली आहे."

"चुकली न्हाई, पळाली. ती माजी आय पळाली त्याची रेघ हाय. ती तर आधी पायजे."

हृतिकने आधी पेनाने हातावर चित्र उतरवलं. तुरा, मान, पोट, पाय. मग ती रेघ काढली, त्याच्या सरावाच्या हाताने, सुरेख वळणाची. चिंगीबाईंनी मान वाकडी करून बघितलं. "ही चालत चाललीया," ती म्हणाली. "पळाया पायजे."

त्याने पुसली, पुन्हा काढली. पुन्हा चाललीच. तिसऱ्यांदाही. शिकलेल्या हाताला पळता येईना.

"ऱ्हाऊ दे," चिंगीबाई म्हणाली. "तितं आलास का मला सांग."

मशीन गुणगुणायला लागलं. सुई टेकणार, तेवढ्यात चिंगीबाईंनी हात थोडा मागे घेतला आणि इकडे तिकडे बघितलं. काही मागत नव्हती ती, नुसतं बघत होती. यशोधरा खुर्ची सरकवून जवळ बसली आणि तिने तो कोरा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, मनगटाशी आणि कोपराशी. आजोबांनी चारशेच्या वर हात काढले होते, एकालाही कधी हात लागला नव्हता. हातातला हात हलका होता, गरम होता, आणि सुई टोचली तसा घट्ट झाला.

"दुखतंय, मावशी?"

"दुखतंय तर! फुकाट हुईल का?"

तुरा झाला. मान झाली. साडेनऊला पाय झाले. राजेंद्र साहेब देखरेख करायला म्हणून जे जवळ आले ते तिथेच उभे राहिले होते. हृतिक थांबला. "आज्जे, रेघ."

"सुई ठिव," चिंगीबाई म्हणाली. "बाई, तू सोड आता मला."

यशोधराने हात सोडला. सुई टेकली, आणि चिंगीबाईंनी असा हिसडा मारला की हृतिक "अरे!" म्हणून उडाला, सुषमा ओरडली, आणि साहेबांच्या तोंडून एक अस्सल गावरान शिवी गेली, जी त्यांनी पुण्यात कुणालाही ऐकू दिली नसती.

हातावर एक रेघ होती, तिरकी, मनगटाकडे पळालेली.

"ह्यी!" चिंगीबाई धापा टाकत म्हणाली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दहाला पाच मिनिटं होती. हृतिक आजीला बजावत होता, पाणी लावू नको, तेल लावू नको, हळद तर अजिबात नको, आणि चिंगीबाई व्हय व्हय करत होती, म्हणजे घरी जाऊन हळद लावणार होती. यशोधराने कार्ड घेतलं आणि तिच्या हाताशेजारी धरलं. रोज सह्या ताडून बघायची तशीच तिने वरून खाली नजर फिरवली. तुऱ्याचे तीन ठिपके. मान. पाय दोन. शेपटी नाही. रेघ पळालेली.

"जुळतंय," ती म्हणाली.

मग तिने पेन उघडलं आणि कार्डावर 'खातेदाराचे म्हणणे' ह्या शब्दांवर, कंसासकट, एक सरळ काट मारली. खाली आजची तारीख घातली आणि सही केली.

"मॅडम," राजेंद्र साहेब म्हणाले, "ते आत्ता कापायला जाणार आहे."

"म्हणून चूक तशीच ठेवायची?"

शटरबाहेर माणसं गठ्ठे उतरवायला थांबली होती. साहेबांनी तिच्या हातातून पेन घेतलं, कारण खाडाखोडीला दोन सह्या लागतात, आणि तिच्या सहीशेजारी आपली केली.

"काय लिवलं गं?" चिंगीबाईंनी बाकड्यावरून विचारलं. हात तिने फुंकर घालत पुढे धरला होता.

"मोर."

"आन् म्होरं?"

"पुढे काही नाही, मावशी. नुसतं मोर."